दोन कार्बोरेटर आणि एक रबरी नळी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय जुन्या स्पोर्ट्स कारविषयी. बंद पडलेली, गंजलेली गाडी घ्यायची, ती पूर्ण खोलायची आणि पुन्हा रस्त्यावर आणायची. यात आनंद किती आणि खर्च किती, हा विषय.

उदाहरणाला एमजीबी घेतो. दोन सीटची, उघड्या छपराची ही ब्रिटिश गाडी 1962 साली आली आणि 1980 पर्यंत बनत राहिली. बंद छपराच्या जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात. पहिली गाडी करायला घेणाऱ्याला हा मोठा आधार असतो.

आता एक वाक्य लक्षात ठेवा. आधी पत्रा, मग इंजिन. इंजिन कितीही थकलेलं असो, ते उतरवता येतं, बोअर करता येतं, म्हणजे सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करता येतात, रिंगा आणि बेअरिंगं बदलता येतात. त्याचा खर्च बऱ्यापैकी आधी सांगता येतो. पत्र्याचा सांगता येत नाही, कारण गंज आतून बाहेर येतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात वर छप्पर नाही, म्हणून बराचसा भार दाराखालच्या पट्ट्यावर, म्हणजे सिलवर येतो. हे सिल पत्र्याच्या तीन थरांचं असतं. बाहेरचा थर चकचकीत दिसतो आणि मधला आत कुजून गेलेला असतो. गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, मऊ कपड्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते.

सिल बदलायचं तर आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी बार लावून बॉडी जखडावी लागते. ते न करता सिल कापलं, तर गाडी मध्ये बसते. मग नवं सिल वेल्ड होतं आणि दार लागत नाही. पुन्हा कापा, पुन्हा वेल्ड करा. पैसा जातो तो इथे, म्हणून पुन्हा सांगतो: आधी पत्रा, मग इंजिन. आणि रंग सगळ्यांत शेवटी.

1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने जुन्याच साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी काढायला सुरुवात केली. काही लोक म्हणतात, बॉडी नवी घातली की ती जुनी गाडी उरतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. गाडी रस्त्यावर धावण्यासाठी असते. काचेमागे झाकून ठेवलेल्या गाडीचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही. असो.

आता आनंदाकडे येतो, म्हणजे माझ्या मित्राच्या गाडीकडे.

त्याच्या एमजीबीचं पत्र्याचं काम झालं होतं, इंजिन नव्याने बांधलं होतं. गाडी चालू व्हायची, पण रेस कमी केली की मिसिंग मारायची आणि बंद पडायची. जो येईल तो सल्ला देई. प्लग बदला. बदलले. पॉइंट आणि कंडेन्सर बदला. तेही झालं. मग कॉइल, मग डिस्ट्रिब्यूटरची कॅप, म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा. प्रत्येक वेळी नवा पार्ट मागवायचा, तो यायची वाट बघायची, बसवायचा आणि गाडी तश्शीच. शेवटी कोणीतरी एका वयस्कर मेस्त्रींना घेऊन आलं. त्यांनी काम थांबवून बरीच वर्षं झाली होती.

मेस्त्रींच्या हातात हत्यारांची पेटी नव्हती. होती एक हातभर रबरी नळी आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. आम्ही पाच-सहा जण भोवती उभे, सगळे एकदम माहिती देतोय. त्यांनी शांतपणे सगळ्यांचं ऐकलं आणि म्हणाले, "आता कोणी बोलू नका."

या गाडीला दोन एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर कुटुंब मूळचं जोड्यांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. पुढे भात्याच्या जागी पिस्टन आला. इंजिन जितकी हवा ओढतं तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, वर येते, आणि तेवढंच पेट्रोल सुटतं. दोन्ही कार्बोरेटरनी हवा सारखी ओढली पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा.

मेस्त्रींनी एअर फिल्टर काढायला लावले आणि गाडी चालू करायला सांगितली. मित्र अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून बसला. मेस्त्रींनी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. मग मागच्या. पुन्हा पुढच्या. "मागचा जास्त ओढतोय," ते म्हणाले. दोघांना जोडणारा क्लॅम्प सैल केला, मागचा स्क्रू किंचित फिरवला. नळी माझ्या कानाला लावली. आता दोन्हीकडे सारखाच सुस्कारा ऐकू येत होता.

तरी गाडी डगमगतच होती. मला वाटलं, आता तेही म्हणणार की अमुक पार्ट मागवा. त्यांनी काय केलं? नळीचं टोक कार्बोरेटरच्या तोंडावरून काढलं आणि बाजूने फिरवायला लागले. सावकाश, बोटबोटभर. मागच्या कार्बोरेटरच्या कडेला, जिथून थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या झडपेची, पितळी दांडी बाहेर येते, तिथे हात थांबला. मित्राला खाली बोलावून त्यांनी मला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसवलं, आणि नळी त्याच्या हातात दिली. "ऐका," म्हणाले, "इथे आवाज यायलाच नको." नंतर मीही ऐकलं. पडलेल्या दातातून हवा जावी तशी बारीक शीळ. मेस्त्रींनी दांडीच्या टोकावर तेलाचा एक थेंब सोडला. गाडी क्षणात स्थिर झाली. तेल ओढलं गेलं आणि पुन्हा डगमगू लागली.

रोग सापडला होता. इतक्या वर्षांत ती दांडी फिरून फिरून झिजली होती, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीतलं भोक मोठं झालं होतं, आणि त्या फटीतून चोरून हवा आत शिरत होती. पिस्टनला तिचा पत्ता नाही, म्हणून सुई पेट्रोल वाढवत नाही. इलाज म्हणाल तर लेथवर भोक साफ करून बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, बसवायचे आणि नवी दांडी घालायची. किरकोळ काम! इकडे प्लग-कॉइलचा ढीग घरात पडलेला.

दुरुस्तीनंतर मेस्त्री पुन्हा आले. कार्बोरेटरखाली एक छोटी पिन असते, ती बोटाने दाबली की पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलतो. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर पेट्रोल कमी. क्षणभर वाढून परत जागेवर आली तर बरोबर. त्यांनी पिन दाबली. रेस जराशी वाढली आणि जागेवर आली. दुसरीकडेही तेच. मित्राने गाडी बाहेर काढलीच नाही. नुसती बंद करायचा, चालू करायचा, पुन्हा बंद करायचा, आणि आमच्याकडे बघायचा.

मला वाटतं, शाळेत प्रत्येक मुलामुलीच्या हातात पाना द्यायला हवा. यंत्र उघडून बघितलेल्या मुलांची विचार करायची पद्धतच बदलते. हा वेगळा विषय आहे, पण माझ्या फार जिव्हाळ्याचा.

वेळ थोडा उरलाय, म्हणून खर्चाचं झटकन सांगतो. एमजीबीचं इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटना, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्यांना, झिजेपासून वाचवायचं. म्हणून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरलंच असेल, तर कडक पोलादाच्या सीट त्याच वेळी बसवून घ्या, नंतर पुन्हा हेड उतरवण्याची मजुरी वाचते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात, तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी बदला. आणि जुन्या ब्रेक-क्लचच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या कपड्याने पुसा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. नमस्कार.