ऑफसाइट कुणाच्या फायद्याची?

मंडळी, शनिवारी सकाळी लोणावळा-कर्जतकडच्या एखाद्या रिसॉर्टवर गेलात, तर लॉनवर ऑफसाइटला, म्हणजे कंपनीनं ऑफिसबाहेर नेऊन घेतलेल्या प्रशिक्षणाला, आलेला एक घोळका हमखास दिसतो. सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे, मध्ये दोरखंड आणि टायर, आणि माइक लावलेला ट्रेनर ‘एनर्जी कुठंय?’ म्हणून ओरडतोय. ज्याला प्रमोशन हवंय तो टाळ्या वाजवतो आणि ज्याच्या खिशात दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आहे तो त्याच्याहून जोरात वाजवतो.

यातून कर्मचाऱ्याच्या पदरात काय पडतं? हा प्रश्न जुना आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही ट्रॅक्टर बनवणारी अमेरिकन कंपनी आपल्या फोरमन लोकांना खास प्रशिक्षणाला पाठवायची. हाताखालच्या माणसांशी समजुतीनं कसं वागावं, हा तिथला एक महत्त्वाचा धडा. एडविन फ्लाइशमन या मानसशास्त्रज्ञानं त्यांचा पाठपुरावा केला आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. वर्ग संपताना फोरमनची मतं बदललेली होती. कारखान्यात परतल्यावर मात्र तो बदल टिकला नाही. फोरमन कामगारांशी कसा वागणार, हे तो काय शिकून आला यापेक्षा त्याचा स्वतःचा साहेब त्याच्याशी कसा वागतो यावर जास्त ठरत होतं. साहेब खेकसणारा असेल तर फोरमनही पुन्हा खेकसायला लागायचा. सत्तर वर्षं झाली या गोष्टीला, पण आपल्याकडे अजूनही मॅनेजरला रिसॉर्टवर धाडतात आणि त्याच्या साहेबाला केबिनमध्येच ठेवतात!

१९५९ मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामावर परिणाम दिसला का. एचआरमधल्या प्रत्येकाला त्या पाठ असतात. प्रत्यक्षात काय होतं? रविवारी दुपारी बस हॉर्न देत असते, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फीडबॅक फॉर्म. जेवण छान होतं, ट्रेनर विनोदी होता, द्या पाचपैकी पाच. पहिली पायरी झाली, पुढच्या तिन्हींकडे कुणी फिरकत नाही.

साहसाच्या नावाखाली काय काय चालतं, ते तर विचारूच नका. २००१ मध्ये फ्लोरिडात बर्गर किंगच्या कर्मचाऱ्यांना निखाऱ्यांवरून चालवलं होतं. डझनभर जणांचे पाय पोळले.

तरी मी ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. रात्री जेवण उरकल्यावर अकाउंट्सची बाई आणि प्रॉडक्शनचा माणूस एका बाकावर बसतात आणि तिला पहिल्यांदा कळतं की त्याची बिलं दर महिन्याला उशिरा का येतात. तो घोळ मग दोघं मिळून एका फोनवर निस्तरतात. हे कार्यक्रमपत्रिकेत कुठंच छापलेलं नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वसूल तेच होतं. गंमत म्हणजे नेमका तोच वेळ हल्ली कराओकेनं भरून टाकतात.

म्हणून जाण्याआधी साहेबाला सरळ विचारा, ‘परत आल्यावर मी नेमकं काय वेगळं करायचं आणि त्यासाठी तुम्ही काय बदलणार?’ ‘अरे, जाऊन तर ये, मजा येईल’ असं उत्तर आलं, तर मजेलाच जा, पोहायचे कपडे घेऊन जा. फक्त बुडालेल्या शनिवार-रविवारची बदली सुट्टी निघायच्या आधी मेलवर लिहून घ्या.