वीतभर जहाज, तिळाएवढी माणसं

[दृश्य: काळोख. टेबललॅम्प लागतो. चिमट्याचं टोक अगदी जवळून.]

चिमट्याच्या टोकाला जे आहे ना, तो माणूस आहे. उंची अडीच मिलिमीटरसुद्धा नाही. तिळाएवढा. पितळेच्या पातळ पत्र्यातून सुटा केलेला, पुढून-मागून रंगवलेला. त्याच्या हातात द्यायचा होजपाइप तयार होतोय जुन्या चार्जरच्या वायरीतून. वायर सोलली की आत तांब्याच्या केसासारख्या तारा निघतात. त्यातली एक पुरते.

डोंबिवलीतल्या या बाल्कनीत माझे मामा गेली अठरा वर्षं जहाजं करतात. सगळी एकास सातशे या मापाची, म्हणजे खऱ्या जहाजाच्या सातशेव्या हिश्श्याएवढी. जपानमधल्या शिझुओकाच्या चार मॉडेल कंपन्यांनी १९७१ साली या मापात जहाजं काढायला सुरुवात केली आणि पुढे जगभर हेच माप रुळलं. या जहाजांना पाण्याखालचा भाग नसतो. ती थेट पाण्यावर बसवायची. त्यामुळे नुसतं जहाज करून भागत नाही. पाणी करावं लागतं. पाण्याला धक्का लागतो, धक्क्याला शेड, वाघिणी, दोरखंड, माणसं.

[दृश्य: धुळीची पेटी उघडते. आतलं जुनं मॉडेल.]

हे जहाज म्हणजे फोर्ट स्टिकीन, १९४४ साली मुंबईच्या गोदीत ज्याचा स्फोट झाला ते मालवाहू जहाज. खरं जहाज सव्वाचारशे फूट लांब होतं. इथं ते साडेअठरा सेंटीमीटर आहे, वीतभरही नाही. १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रुपर्टला बांधलेलं. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालं तेव्हा त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, खोक्यांत भरलेली लढाऊ विमानं होती, सोन्याच्या विटा होत्या. कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गाठी चढल्या. १२ एप्रिलला ते मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं.

मामांनी ही गोदी पहिल्यांदा केली त्याला बारा वर्षं झाली. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, वा वा म्हणायचे. मामांना मात्र त्यातल्या चुका रोज दिसायच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पेटी खाली घेतली, स्क्रू काढले आणि हे केलं.

[दृश्य: करवत. बारीक भुसा पाण्यावर पडतो. आवाज तसाच राहू द्यायचा.]

सोनाराकडे असते तशी बारीक पात्याची करवत. पूर्ण झालेल्या, रंगवलेल्या जहाजाच्या मधोमध.

कारण असं, की तेव्हा मामांना फोर्ट स्टिकीनचं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, मिळालं नव्हतं. मिळालं ते लिबर्टी जहाजाचं, म्हणजे त्याच युद्धातल्या अमेरिकी मालवाहू जहाजाचं. दोन्ही एकाच ब्रिटिश आराखड्यातून निघालेली भावंडं. पण लिबर्टीवरची मधली बांधणी एकाच ठोकळ्यात असते. फोर्ट स्टिकीनची दोन तुकड्यांत होती. पुढे ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, मागे धुराड्याचा भाग आणि दोन्हींच्या मध्ये तिसऱ्या हॅचची, म्हणजे माल खाली उतरवायच्या तोंडाची, मोकळी जागा. लांबून बघणाऱ्याला काय फरक पडतो, असं आम्ही घरातले सगळे म्हणालो. मामा म्हणाले, "अरे, जहाजावर काम करणाऱ्याला पडतो. तो त्या मोकळ्या जागेतून ये-जा करत होता."

मग ठोकळा कापला. आतल्या भिंती अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून नव्यानं उभ्या केल्या. फटीत पुट्टी, ती सुकली की कानस, मग पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपर. फोर्ट स्टिकीनसारखी फोर्ट जहाजं रिव्हेट मारून जोडलेली आणि लिबर्टी वेल्डिंगची, पण या मापात रिव्हेट दिसणारच नाही, म्हणून तिथं हात लावायचा नाही. काय सोडून द्यायचं हे कळायला मला वाटतं बारा वर्षंच लागत असावीत.

जुने कठडेही निघाले. खऱ्या मापात धरले तर ते माणसाच्या मांडीएवढे जाड होते. डोलकाठ्यांवरची दोऱ्याची दोरी निघाली, कारण शिवणाच्या दोऱ्याला लव असते आणि इतक्या जवळून ती दिसते. नवी दोरी अशी.

[दृश्य: मेणबत्ती. प्लास्टिकची काडी गरम होते, मऊ पडते, दोन हात अलगद लांब जातात.]

किटचे सुटे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात, तीच ही काडी. ज्योतीच्या वर धरायची, ज्योतीत नाही. चमकायला लागली की बाजूला घ्यायची आणि एका दमात ओढायची. हावरेपणानं ओढली की तुटते. घाबरत ओढली की जाड राहते. मामांच्या हातून आज दहातल्या सात नीट आल्या. माझ्या हातून एकही नाही.

आता पाणी. जुन्या मॉडेलमधलं पाणी निळंशार होतं आणि त्यावर पांढऱ्या लाटा. मुंबईच्या बंदरात असं पाणी कुणी पाहिलंय? आपलं पाणी गढूळ, हिरवट, त्यात राखाडी झाक. त्यातून व्हिक्टोरिया गोदी होती दारांची. दारं बंद करून आत पाणी धरून ठेवायचं, म्हणजे बाहेर ओहोटी लागली तरी जहाज तरंगत राहतं. तिथं लाट कुठून येणार? फार तर सुरकुती.

मामांनी आधी रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रसायन, ओतून पाहिलं. जुलैचा महिना, हवेत ओल. चार दिवसांनी वर दुधाळ पापुद्रा आला आणि बोट लावलं की चिकटायचा. दोन आठवडे ते खरवडण्यात गेले. मग ते जुन्या वाटेनं गेले.

[दृश्य: टिश्यू पेपर, पातळ केलेला फेविकॉल, ब्रश. मग नुसतं बोट.]

टिश्यू पेपरचा एकच पदर, खाली-वर फेविकॉलचं पाणी. ब्रशनं थोपटायचं. सुरकुत्या येतात त्या येऊ द्यायच्या. जिथं जास्त येतील तिथं ओल्या बोटानं दाबायच्या. हे ओलं बोट मामा दहा वर्षांचे असताना शिकले, दिवाळीच्या किल्ल्याला चिखल लिंपताना. बोट कोरडं असलं की माती उचलून येते. इथं कागद उचलून येतो. वाळल्यावर तीन रंग, एकमेकांत मिसळलेले. धक्क्याच्या कडेला काळपट, कारण तिथं तेल आणि घाण साठते. वर चमकदार वार्निशचे आठ हात, प्रत्येक हाताला एक दिवस.

या पाण्याला मी स्वतः वाकून वास घेतला. इतकं खरं वाटलं.

[दृश्य: उघडी दुसरी हॅच. कापूस पिंजणारी बोटं.]

ही ब्रिजच्या पुढची दुसरी हॅच. आत दिसतात त्या गाठी. एकेक गाठ दोन मिलिमीटरच्या आतली, आइस्क्रीमच्या काडीतून कापलेली, कडा मुद्दाम बोथट केलेल्या. १४ एप्रिलला दुपारी इथूनच धूर निघायला लागला. मॉडेलमधला धूरही कापसाचा आहे. कापूस इतका पिंजायचा की फुंकरीनं हलला पाहिजे, मग खालून करडा, वर जाईल तसा फिकट.

मामांनी वेळ ठरवली आहे ती तीनच्या आसपासची. बंब आलेत, होज लागलेत. त्या दुपारी जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं आणि आग नेमकी कुठं आहे ते धुरामुळे सापडत नव्हतं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारच्या जलपद्म जहाजाचा मागचा भाग उडून शेडवर जाऊन पडला. आठशेहून अधिक माणसं गेली, हजारो बेघर झाली.

व्हिक्टोरिया गोदी आता नाही. भराव घालून ती बुजवली. त्यामुळे चित्रीकरण करायला आमच्याकडे हीच गोदी आहे, तीन फूट बाय दीड फूट.

[दृश्य: टेबलावर पांढरा कागद. त्यावर रांगेत माणसं.]

जुन्या मॉडेलमध्ये माणसं नव्हतीच. जहाज होतं, क्रेन होत्या, कडेला एक सोनेरी खोकंसुद्धा होतं, कारण या स्फोटाची गोष्ट निघाली की आधी सोन्याच्या विटांची निघते. ते खोकं मामांनी काढून टाकलं.

त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. दर १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो याच दिवसामुळे. कागदावर रांगेत आहेत ती ६६ माणसं. सगळे एका क्षणी जहाजापाशी नव्हते, हे मामांना माहीत आहे. तरीही ६६च लावायची, असं त्यांनी ठरवलंय.

चिमटा. सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकावर. पाय टेकले की श्वास रोखून पाचपर्यंत मोजायचं आणि मग चिमटा सोडायचा. एक होजच्या मागे. दोन शिडीवर. एक धक्क्यावर वाकलेला, बहुतेक होजचा पीळ सोडवतोय.

[दृश्य: वरून अख्खी गोदी. मामांचा हात चौकटीत येतो आणि जातो.]

आज रात्री साडेआठपर्यंत ४१ उभे राहिले. मग आतून मामीची हाक आली, ताटं घेतलीत म्हणून. मामांनी उरलेल्या पंचवीस जणांवर काचेचा बाऊल पालथा घातला, पंख्याचा वारा लागू नये म्हणून, आणि दिवा घालवला.