रिकाम्या थैल्यांची बोंब

नमस्कार मंडळी. गेल्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, "लॅबमध्ये तू नेमकं करतोस तरी काय?" मी "सॉर्टिंग नेक्सिन" म्हणालो, आणि त्यांनी मोदकाचं ताट पुढे सरकवलं. आजचं भाषण त्या मोदकांची परतफेड. डबेवाल्यांची उपमा देणार नाही, घाबरू नका.

माझे बाबा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रभर धावत्या गाडीत उभं राहून खणांत पत्रं टाकायची. घरी आल्यावर त्यांची कुरकुर मात्र पत्रांची नसे, थैल्यांची असे. टपाल पुढे जाई, रिकाम्या थैल्या कुठेतरी अडकून पडत.

पेशीतही तेच. पाव फुगवणारं यीस्ट घ्या. त्यातलं कार्बोक्सिपेप्टिडेझ-वाय हे पाचक प्रथिन गॉल्जीतून, म्हणजे पेशीच्या छाटणी-कचेरीतून, रिक्तिकेकडे जातं. (रिक्तिका नववीत सगळ्यांनी पाठ केली होती!) ते नेणारी थैली म्हणजे व्हीपीएस-१० हे प्रथिन. वाटेत एंडोसोम नावाच्या थांब्यावर माल उतरला की थैलीनं गॉल्जीत परतायचं. परत आणतात सॉर्टिंग नेक्सिन नावाची प्रथिनं. त्यांचा एक भाग एंडोसोमच्या पटलावरचं ठरावीक लिपिड (स्निग्ध रेणू) ओळखून तिथे चिकटतो. काहींचा दुसरा भाग केळ्यासारखा बाकदार. अशी केळी ओळीनं बसली की पटल वाकून त्याची नळी होते, आणि थैली त्या नळीतून मागे निघते. यीस्टमध्ये हे काम व्हीपीएस-५ आणि व्हीपीएस-१७ ही जोडी आणखी तिघांच्या साथीनं करते. या पाचांच्या संचाला, रेट्रोमरला, १९९८मध्ये स्कॉट एम्र यांच्या प्रयोगशाळेनं उजेडात आणलं. माणसात एकूण नेक्सिन तीसहून अधिक. पहिला सापडला १९९६मध्ये.

थैली परतली नाही तर? पुढचा माल न्यायला कोणी नसतं, आणि तो पेशीबाहेर सांडतो. हे डोळ्यांनी दिसतं. यीस्टच्या ठिपक्यांवर पातळ पांढरा कागद दाबायचा, उचलायचा, त्या पाचक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं लावून रंगवायचा. निरोगी ठिपक्यांची जागा जवळजवळ कोरी. बिघडलेल्याखाली काळाकुट्ट डाग. पहिल्यांदा तो उमटला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि दाखवायला जवळ कोणी नव्हतं.

२०११मध्ये स्विस आणि ऑस्ट्रियन कुटुंबांत पार्किन्सनचं (कंपवाताचं) एक कारण सापडलं: रेट्रोमरमधल्याच व्हीपीएस-३५मध्ये ६२०व्या जागी एका अमिनो आम्लाची अदलाबदल. बस, एवढीच.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. सॉर्टिंग शब्दावर ते खूश झाले. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही थैल्यांचीच बोंब!"