डिस्कव्हर की इन्व्हेंट?

नमस्कार श्रोतेहो. शाळेतली वाक्यं आठवतायत? माणसाने आगीचा शोध लावला, माणसाने चाकाचा शोध लावला. मराठीत दोन्हीकडे शोधच, आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र आग डिस्कव्हर होते आणि चाक इन्व्हेंट. उलटं बोललात, तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते.

अशा वेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: तो माणूस जन्मालाच आला नसता, तर ती वस्तू असती का? गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले. त्याने डोळे मिटून घेतले असते, तरी ते गुरूभोवती फिरतच राहिले असते. म्हणून डिस्कव्हर, शब्दशः, झाकण काढणं. पण ज्या दुर्बिणीतून पाहिलं, ती काही झाडाला लागत नाही. कुणीतरी नळीत भिंगं बसवली, तेव्हा ती झाली. म्हणून इन्व्हेंट. आणि बरं का, ती पहिल्यांदा गॅलिलिओने केलेली नाही. 1608 मध्येच हान्स लिपरशे या चष्मे करणाऱ्या कारागिराने हॉलंडमध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

पेनिसिलिनच्या गोष्टीत दोन्ही शब्द भेटतात. 1928 मध्ये सुटीवरून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंगला काचेच्या एका बशीत बुरशी धरलेली दिसली, आणि तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळून गेलेले. बुरशीचं काम आधीपासून चालूच होतं, त्याला ते दिसलं इतकंच. ही डिस्कव्हरी. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीतलं ते जिवाणू मारणारं द्रव्य, म्हणजे पेनिसिलिन, वेगळं करून शुद्ध करायच्या पद्धती बसवल्या, तेव्हा कुठे रोग्याला देता येईल असं औषध हाती आलं. त्या पद्धती इन्व्हेन्शन.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, यात पैसाही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं, की माणसाच्या शरीरातला जनुक नुसता वेगळा काढला म्हणून त्याचं पेटंट मिळणार नाही. प्रयोगशाळेत घडवलेल्या डीएनएचं, म्हणजे सीडीएनएचं, मिळू शकेल.

गंमत अशी, की इन्व्हेंट ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ 'सापडणं' असाच आहे. म्हणजे एके काळी तोही आपल्या 'शोध'सारखाच ऐसपैस होता.

माझा तो प्रश्न शून्यापाशी मात्र बंद पडतो. शून्याचं चिन्ह माणसाने केलं, हे खरं. पण शून्य? ते आधीपासून होतंच ना? यावर गणिती आणि तत्त्वज्ञ अजून भांडतायत. मी आपली मराठीत 'शून्याचा शोध' म्हणते आणि मोकळी होते.