विमानाने आलेल्या समणीजी

(ब्रिटनमधल्या नाशिककरांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी, जय जिनेंद्र.

मागच्या शनिवारी मुलांच्या मराठी वर्गात दोन समणीजी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या जैन साधिका, आल्या होत्या. प्रश्न विचारायची वेळ आली तसा नऊ वर्षांचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "माझी आजी सांगते, महाराजसाहेब गाडीत बसत नाहीत. तुम्ही तर विमानाने आलात. मग तुम्ही खऱ्या आहात का?" आईने त्याला दटावून खाली बसवलं. समणीजी म्हणाल्या, "बसवू नका त्याला, प्रश्न बरोबर आहे." त्या सांगायला लागल्या आणि तेवढ्यात हॉलची वेळ संपली. पुढच्या बुकिंगवाले दारात उभे होते.

उत्तर अर्धंच राहिलं. ते आज मांडतो.

त्याच्या आजीने जे पाहिलं, तेच आपण सगळ्यांनी पाहिलंय. पहाटे घोटीकडून, वाडीवऱ्ह्याकडून विहार करत, म्हणजे पायी, येणारी जैन साधू-साध्वींची ती पांढरी रांग, विल्होळीला मुक्काम, पुढे गावात प्रवेश. म्हसरूळला गजपंथ तीर्थावर दिगंबर मुनीही पायीच आलेले. आठ महिने चालायचं आणि चातुर्मासात एका जागी थांबायचं. वाहन नको, कारण चाकाखाली जीव मरतात. पैसा जवळ नको. स्वयंपाक करायचा नाही आणि आपल्यासाठी केलेलं अन्न घ्यायचं नाही. दहा घरांतून थोडं थोडं, ती गोचरी. या नियमांत समुद्र ओलांडायला वाटच नाही.

म्हणून 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आलं, तरी ते गेले नाहीत. त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं. गांधी गृहस्थ होते, साधू नव्हते. नियम मोडला नाही आणि धर्म बोलायचा राहिला नाही. पुढे 1970 साली जैन मुनी चित्रभानूजी जिनिव्हाच्या परिषदेला गेले. अठ्ठावीस वर्षांच्या आसपास मुनिजीवन जगलेला माणूस, त्यांनी मुनिवेश सोडला आणि अमेरिकेत राहून शिकवलं. 1975 साली आचार्य सुशीलकुमारजी मुनी म्हणूनच विमानात बसले. समाजात केवढा विरोध झाला! त्यांनी 1983 साली न्यू जर्सीत सिद्धाचलम हे जैन तीर्थ उभं केलं. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता, चांगल्या जाणत्या लोकांनी विचारला होता.

आचार्य तुलसींनी 1980 साली त्याला रीतसर उत्तर दिलं. तेरापंथ या आपल्या श्वेतांबर जैन पंथात, राजस्थानातल्या लाडनूंला, समण श्रेणी सुरू केली. गृहस्थ आणि साधू यांच्या मधली पायरी. दीक्षा आहे, ब्रह्मचर्य आहे, घर सुटलेलं आहे. सूट मुख्यतः दोन गोष्टींत, वाहन आणि त्यांच्यासाठी केलेलं अन्न. दुसरी सूट का, हे इथे राहणाऱ्याला लगेच कळेल. नाशिकच्या रविवार कारंजावरून निघालं तर दहा घरांची गोचरी पायी होते. इथे आपली दोन घरं पंधरा मैलांवर, मधे मोटारवे. पुष्कळ समणीजी पुढे श्रेणी आरोहण करून पूर्ण साध्वी होतात आणि मग विमान कायमचं बंद. तेव्हा बाळा, त्या खऱ्या आहेत. त्यांनी केवढी सूट घ्यायची याची रेघ आखलेली आहे आणि त्या रेघेच्या आत राहतात.

आता मोठ्यांशी बोलतो.

समणीजी एकट्या येत नाहीत, निदान दोघी असतात. म्हणजे तिकिटं दोन, विमे दोन, एक स्वतंत्र खोली, आणि व्हिसासाठी निमंत्रणपत्र वेळेवर. पाणी तीन उकळ्या येईपर्यंत उकळायचं. त्याची मुदत जुन्या रीतीने उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. प्रहर म्हणजे साधारण तीन तास. रात्री उकळून फ्लास्कमध्ये भरलं की दुसऱ्या दिवसभराचं काम झालं, असं धरू नका. कंदमुळाचं आधी विचारून घ्या, संप्रदायाप्रमाणे रीत बदलते. द्राक्षांचा घड तसाच पुढे ठेवायचा नाही, ते सचित्त, म्हणजे सजीव. कांदा न घालता पोहे मनापासून केले आणि उतरवल्यावर सवयीने वर कच्ची कोथिंबीर भुरभुरली, की ते पोहे गेले. कोथिंबीर फोडणीत टाका, शिजू द्या. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. जिलेटिन लगेच दिसतं, पण ई 120 हा किड्यापासून केलेला लाल रंग आहे आणि चीजमधलं रेनेट कधीकधी वासराच्या पोटातलं असतं. पुरुषांनी दारात हात पुढे करायचा नाही, संघट्टा, म्हणजे त्यांना न चालणारा स्पर्श, होतो. लांबूनच हात जोडा.

सगळ्यांत अडतं ते सूर्याशी. सकाळची नवकारशी, म्हणजे दिवसाचं पहिलं खाणं, सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी, संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत. नाशिकला हे वर्षभर निभतं. लंडनला जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, तेव्हा सगळे उत्साहाने डबे आणतात. डिसेंबरात चारच्या सुमारासच मावळतो. म्हणजे जेवण तीनपर्यंत वाढून व्हायला हवं आणि तेव्हा आपण सगळे ऑफिसात असतो. मग एका घरावर भार पडतो, बहुधा ज्या घरात आजी आलेली असते तिथे.

राग मानू नका, पण बोलायलाच हवं. प्रवचन सहाला असतं आणि आपण पावणेसातला येतो. आल्यावर प्रकृती, पत्रिका, मुलाचं लग्न हे विचारतो. सामायिक, म्हणजे एका जागी शांत बसून करायची साधना, 48 मिनिटांचं असतं, पण दोन घडी गप्प बसवत नाही आपल्याला. मुलांनी मात्र बसावं असं आपल्याला वाटतं. समणीजी हिंदीत बोलतात, मुलं इंग्रजीत विचार करतात, आणि मधलं मराठी आपल्याकडे आहे. समजावून सांगायला शेजारी बसणारे मात्र दोघं-तिघंच.

नाशिकला त्या मुलाने हा प्रश्न विचारला असता, तर दुसऱ्या दिवशी स्थानकात, साधूंच्या मुक्कामी, जाऊन पुन्हा विचारला असता. चार महिने रोज. इथे गुरू दहा दिवस येतात, त्यातले चार प्रवासात जातात. एवढ्यात मुलाला नियम पाठ होतील. ते नियम पाळणाऱ्या माणसाला तो रोज उठता-बसताना कधी बघणार, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

डिसेंबरात समणीजी पुन्हा येणार आहेत. स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कागद मागच्या टेबलावर आहे. शनिवार-रविवार भरले. सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन ते तीन, पाचही रकाने कोरे आहेत. आणि तो मुलगा येत्या शनिवारी वर्गात असेल.