दोन तासांचा खडक

नमस्कार श्रोतेहो.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचं बंदराचं एक गाव आहे. तिथून अकरा मैल, म्हणजे साधारण अठरा किलोमीटर आत, उत्तर समुद्रात एक खडकाळ रांग आहे. भर ओहोटीला तिची काळी पाठ वर येते, शेवाळाने माखलेली. काही तास ती दिसते आणि पुन्हा बुडते. उधाणाची भरती असली तर तिच्यावर दोन पुरुष पाणी चढतं. जहाजावरच्या माणसाला तेव्हा तिथे काहीच दिसत नाही, आणि हाच तिचा धोका. या रांगेचं नाव बेल रॉक. कुणा एका मठाधिपतीने इथे खलाशांना सावध करायला घंटा बांधली होती आणि ती एका चाच्याने पळवली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. घंटेचं खरंखोटं काहीही असो, इथे जहाजं फुटत होती हे मात्र अगदी खरं.

डिसेंबर 1799 मध्ये तीन दिवस वादळ झालं आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सत्तरेक जहाजं गेली. तरीही बेल रॉकवर दीपगृह बांधायचा खर्च कुणाला झेपेना, पार्लमेंटमध्ये विधेयक आलं ते पडलं. मग जानेवारी 1804 मध्ये ‘यॉर्क’ नावाची चौसष्ट तोफांची युद्धनौका सगळ्या माणसांसकट बुडाली. ती याच खडकावर आदळली असं मानलं जातं. जवळजवळ पाचशे माणसं गेली. त्यानंतर 1806 साली कायदा झाला. मुख्य अभियंता म्हणून जॉन रेनी यांचं नाव होतं. खडकावर प्रत्यक्ष उभं राहून काम करून घेणारा होता रॉबर्ट स्टीव्हन्सन, वय पस्तिशीच्या आसपास.

इथे किनाऱ्यावर राहणाऱ्या श्रोत्यांना एक गोष्ट मला वेगळी समजवावी लागणार नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा भरती जशी मोठी तशीच ओहोटीही खोल. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. बेल रॉकवर याचा अर्थ असा, की उधाणाच्या दिवसांत ओहोटीला खडक दोन-तीन तास उघडा राहायचा आणि भांगाच्या दिवसांत जेमतेम दिसायचा. म्हणजे गवंडी, लोहार, पाथरवट या सगळ्यांचं वेळापत्रक चंद्र ठरवत होता. रात्रीची ओहोटी आली तर मशाली पेटवून काम. हिवाळ्यात काम बंदच. आपल्या मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला प्राँग्जचं दीपगृह आहे, 1875 साली थॉमस ऑर्मिस्टन यांनी उभारलेलं. तेही अशाच भरतीत बुडणाऱ्या खडकांच्या रांगेवर आहे. पण तिथे शहर हाकेच्या अंतरावर होतं. बेल रॉकवर चहूकडे पाणीच.

काम सुरू झालं ऑगस्ट 1807 मध्ये. माणसं राहायची खडकाजवळ नांगरून ठेवलेल्या जहाजावर. ते इतकं लोळायचं की समुद्राची सवय नसलेल्या गवंड्यांचे हाल होत. ओहोटी लागली की होड्या वल्हवत खडकावर जायचं, हाताला लागेल ते करायचं आणि पाणी चढायला लागलं की हत्यारं गोळा करून परत. रविवारीसुद्धा काम करावं लागेल, असं स्टीव्हन्सनने सांगितलं तेव्हा या धार्मिक माणसांना ते जड गेलं. बहुतेकांनी मान्य केलं, काहींनी नाही. त्यांच्यावर त्याने जबरदस्ती केली नाही.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो लोहार, जेम्स डव्ह. खडक फोडायच्या टाक्या आणि पहारी घटकाभरात बोथट व्हायच्या. त्या धार लावायला किनाऱ्यावर पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून भट्टीच खडकावर आणली. भाता, ऐरण, कोळसा, सगळं. पाणी चढू लागलं तरी डव्ह भट्टी सोडायचा नाही. घोट्याशी पाणी, मग गुडघ्याशी पाणी, वर तोंडावर जाळाची धग आणि धूर. एखादी लाट येऊन विस्तव विझवायची, की त्या दिवसाची लोहारकी संपली. गवंड्यांना हे परवडायचं नाही, कारण धार गेली की त्यांचेही हात थांबले. त्या खडकावर धाडसी माणसांना तोटा नव्हता. टंचाई होती ती वेळेची, आणि एकेक कोरडं मिनिट मिळवण्यासाठीच पुढची सगळी हिकमत लढवली गेली.

2 सप्टेंबर 1807 चा प्रसंग सांगतो. त्या दिवशी खडकावर बत्तीस माणसं होती, स्टीव्हन्सनही त्यांच्यात. त्यांना आणणारं ‘स्मीटन’ नावाचं जहाज वाऱ्याने नांगर तुटून वाहवत निघालं. काम जोरात होतं, कुणी मान वर केली नव्हती, म्हणून हे पहिल्यांदा फक्त स्टीव्हन्सनच्या लक्षात आलं. त्याने मनात हिशेब केला. खडकाशी होड्या उरल्या दोन. अगदी शांत समुद्रात, दाटीवाटीने बसवली तरी त्यांत चोवीस माणसं मावणार. वारा तर वाढत होता. भरती लागलेली होती आणि ‘स्मीटन’ वळून परत येईपर्यंत खडकावर पाणी चढलेलं असणार. तो गप्प राहिला. हळूहळू पाणी पायाशी आलं, तशी माणसं काम थांबवून होड्यांकडे गेली आणि एक जहाज नाही हे त्यांना दिसलं. कुणी ओरडलं नाही. सगळे स्टीव्हन्सनकडे बघत राहिले. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण तोंडाला इतकी कोरड पडली होती की शब्दच फुटेना. तो एका खळग्यातलं पाणी प्यायला वाकला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, ‘होडी! होडी!’ आर्ब्रोथचा जेम्स स्पिंक हा वाटाड्या पत्रं घेऊन खडकाकडे येत होता. त्याच्या येण्याची कुणालाही कल्पना नव्हती. सगळे वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाची घंटा झाली तेव्हा फक्त आठ जण डेकवर आले. स्टीव्हन्सनने बाकीच्यांना एक शब्दही विचारला नाही. त्या आठांना घेऊन तो खडकावर गेला, ओहोटीभर काम करून परत आला. पुढच्या ओहोटीला बाकीचेही आपणहून होडीत येऊन बसले. माणसं कशी सांभाळावीत, हे त्या गप्प राहण्यात मला दिसतं.

त्या पहिल्या मोसमात दीपगृहाचा एक दगडही बसला नाही. उभं राहिलं ते सहा जाडजूड लाकडी पायांवरचं एक घर, आपल्याकडे शेतात राखणीला माळा बांधतात तसं. पाय खडकात लोखंडाने पक्के रोवलेले, वर राहायच्या खोल्या. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर खडकावर अडकलेल्या माणसाला चढायला जागा हवी म्हणून. पण पुढच्या मोसमांत त्या घराचा खरा फायदा झाला. माणसं तिथेच राहू लागली, होड्यांची ये-जा वाचली, पाणी उतरताक्षणी शिडीने खाली येऊन काम सुरू करता येऊ लागलं. वादळात त्याच्या खालच्या मजल्याच्या फळ्या समुद्राने उचकटून नेल्या, चुना मळायची जागाच गेली. वर माणसं बसून होती. पायांनी दगा दिला नाही.

खडकावर दगड घडवायला वेळ नव्हता, म्हणून घडवण्याचं सगळं काम आर्ब्रोथला झालं. बाहेरच्या बाजूला खालचे तीस फूट अॅबर्डीनचा ग्रॅनाइट, आतून आणि वरती डंडीजवळच्या खाणीतला वालुकाश्म. एकाची शेपूट शेजारच्याच्या खाचेत घट्ट बसेल असा प्रत्येक दगड घडवायचा, म्हणजे लाटेने एक दगड ओढायचा म्हटलं तर सगळा थर ओढावा लागेल. ही युक्ती जॉन स्मीटनची, त्याने इंग्लंडच्या दक्षिणेला एडिस्टोनच्या खडकावर 1759 साली वापरलेली. आर्ब्रोथच्या आवारात लाकडी फलाटावर अख्खा थर आधी कोरडा मांडून बघत, फट राहिली तर पुन्हा टाकी लावत, मग प्रत्येक दगडावर आकडा आणि खुणा घालून थर उलगडत आणि जहाजावर चढवत. आवारापासून धक्क्यापर्यंत दगड ओढायचा बॅसी नावाचा घोडा. बॅसीची सेवा इतकी मानली गेली, की मेल्यावर त्याचा सांगाडा एडिंबराच्या एका शरीरशास्त्रज्ञाच्या संग्रहालयात ठेवला गेला. खडकावर दगड उतरवल्यावर त्यांना धक्का लागू नये म्हणून बिडाचे रूळ टाकले होते. पाण्यावर उंच अंतराळी बांधलेल्या या रुळांवरून दगडाची गाडी पायापर्यंत जायची. भिंत वर गेल्यावर दोरखंडांचे ताण बांधायला जागा उरली नाही, तेव्हा फ्रान्सिस वॉटने अशी यारी तयार केली, जिच्या दुसऱ्या टोकाला वजन लावून तिचा तोल तीच सांभाळायची.

पहिला दगड बसला 10 जुलै 1808 ला. त्या अख्ख्या मोसमात खडकावर काम झालं सुमारे 265 तास, आणि त्यातले प्रत्यक्ष बांधकामाचे फक्त 80. याच मोसमात होडी उलटून जेम्स स्कॉट हा अठरा वर्षांचा खलाशी बुडाला. देशाचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं, त्याचा बाप तिथे कैदेत होता आणि घर या पोराच्या पगारावर चालत होतं. त्याच्या जागी कामावर आला तो त्याचाच धाकटा भाऊ. दीपगृहाच्या उंचीचे आकडे सगळीकडे सापडतात, ही गोष्ट क्वचित सांगितली जाते.

आकडे असे: एकूण 2,835 दगड, 90 थर, उंची 115 फूट, पायाशी व्यास 42 फूट, वर 15. खर्च 61 हजार पौंडांच्या वर. 1 फेब्रुवारी 1811 ला दिवा लागला, आळीपाळीने तांबडा आणि पांढरा. हे श्रेय कुणाचं यावर रेनी आणि स्टीव्हन्सन यांच्या घराण्यांत पुढे बराच वाद झाला. तळाशी पसरत जाणारा घेर ठरवण्यात रेनींचा वाटा होता आणि तो नाकारू नये. पण चार वर्षं त्या खडकावर भिजत उभा राहिलेला माणूस स्टीव्हन्सन होता, आणि माझं मत त्याच्या बाजूचं आहे.

दिवा लागला आणि वेळेचं गणित उलटं झालं. बांधणाऱ्यांना दोन तास मिळत नव्हते, दिवा राखणाऱ्यांना सहा-सहा आठवडे संपता संपत नव्हते. चार राखणदार, तिघं दीपगृहात आणि एक किनाऱ्यावर, अशी पाळी. जमिनीला लागून दार नाही. दार तीस फुटांवर, दोराच्या शिडीने चढायचं. वर एकावर एक गोल खोल्या: पाण्याचा साठा, तेलाचा साठा, स्वयंपाकघर, झोपायची खोली, वाचनाची खोली आणि त्यावर दिवा. देवमाशाचं तेल, चोवीस दिवे, प्रत्येकामागे चांदीच्या मुलाम्याचा आरसा. रात्रभर वाती कापायच्या. सगळं फिरवणाऱ्या यंत्राची वजनं खाली आली की पुन्हा वर चढवायची. धुकं पडलं की त्याच यंत्रावर घंटा वाजायच्या. दिवस उजाडला की आरशांवरची काजळी पुसायची, ओरखडा न पाडता. बायकामुलं आर्ब्रोथच्या सिग्नल टॉवरमध्ये राहायची. रोज सकाळी दीपगृहावर गोळा वर चढायचा, म्हणजे सगळं ठीक. टॉवरवरून तसंच उत्तर जायचं. राखणदाराला मूल झालं तर टॉवरच्या खांबावर मुलगा असेल तर विजार आणि मुलगी असेल तर घागरा फडकवत, असं आर्ब्रोथमध्ये सांगतात. अकरा मैलांवरून दुर्बीण लावून बापाला कळायचं.

आणि दिवा न लागल्याने काय होतं हे एका रात्री दिसलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. शत्रूला वाट सापडू नये म्हणून दीपगृहं काळोखात ठेवलेली, कळवलं तरच लावायची. ऑक्टोबर 1915 मध्ये ‘आर्गाइल’ ही युद्धनौका त्या बाजूने जाणार होती आणि तिच्यासाठी दिवा लावायचा निरोप बेल रॉकला जायचा होता. समुद्र खवळलेला, निरोप पोचला नाही. 28 ऑक्टोबरच्या पहाटे ‘आर्गाइल’ बरोबर त्या खडकावर जाऊन बसली. सुदैवाने सगळ्या माणसांना वाचवता आलं, जहाज मात्र गेलं. शंभर वर्षं राखलेला खडक, बुरूज जागेवर, राखणदार आत, तेलही भरलेलं. फक्त ठिणगी नव्हती.

ऑक्टोबर 1988 मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि शेवटचे राखणदार किनाऱ्यावर आले. आता दर पाच सेकंदांनी एक पांढरी चमक येते, तिच्यावर देखरेख एडिंबराहून असते. मधल्या काळात दिवे बदलले, यंत्रं बदलली. दगडी बांधकाम मात्र 1810 साली पूर्ण झालं तेच आहे. आर्ब्रोथचा सिग्नल टॉवर आता संग्रहालय आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच तर अवश्य बघा, आणि तिथे जेम्स डव्हच्या भट्टीबद्दल विचारा.

नमस्कार.