गांधीलमाशीकडे अध्यक्षपद

पडद्यावर दिसणारे हे पान ‘अनकॅनी एक्स-मेन’ या अमेरिकी सुपरहिरो-कॉमिक मालिकेच्या २०१व्या अंकातले आहे. अंकावर जानेवारी १९८६ असे छापलेले आहे. सरावासाठी बांधलेल्या एका बंदिस्त दालनात संघातलेच दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले आहेत. एकाच्या डोळ्यांतून भिंती फोडणारा झोत अखंड बाहेर पडत असतो आणि तो थोपवण्यासाठी त्याला लाल स्फटिकाची पट्टी डोळ्यांवर बाळगावी लागते, हा सायक्लॉप्स. दुसरी स्टॉर्म. एके काळी वारे आणि विजा तिच्या आज्ञेत होत्या, परंतु १८५व्या अंकात तिने ती शक्ती गमावली आणि तेव्हापासून ती तुमच्याआमच्यासारखीच माणूस आहे. या झुंजीत जो जिंकेल, त्याने संघाचे नेतृत्व करावे असे ठरले आहे.

स्टॉर्म जिंकते. ती त्याच्या डोळ्यांवरची पट्टीच काढून घेते, आणि मग आपल्याच नजरेने अनर्थ होऊ नये म्हणून सायक्लॉप्सला डोळे मिटून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ख्रिस क्लेअरमाँट यांनी लिहिलेला आणि रिक लिओनार्डी यांनी चितारलेला हा अंक चाहत्यांमध्ये आजही आवडीने वाचला जातो. निकाल योग्यच लागला. पण नेता निवडण्याची ही रीत मला पटत नाही. झुंजीत चपळ कोण, एवढेच झुंजीतून कळते. या कथेतला खरा निवाडा दालनाचे दार बंद होण्याआधीच झालेला आहे. आदल्याच अंकात संघाचे संस्थापक प्रोफेसर एक्स पृथ्वी सोडून गेले आहेत, त्यांची शाळा आता मॅग्नेटो या जुन्या शत्रूच्या हाती आहे आणि आपल्यावाचून संघाचे भागणार नाही, अशी सायक्लॉप्सने स्वतःची समजूत करून घेतली आहे. त्याला तान्हा मुलगा आहे आणि त्याने आता घरी परतावे असे बायकोला वाटते आहे. ज्याला घर टाळण्यासाठी पद हवे आहे, त्याच्या हाती इतरांचे जीव द्यावेत का, हा तिथला प्रश्न आहे.

‘इंद्रजाल’चे अंक वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला असा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. वेताळ बहुधा एकटाच मोहिमेवर निघे आणि त्याच्या दिमतीला घोडा आणि लांडगा पुरेसे असत. संघ आला की मात्र कोणी तरी ‘थांबा’ म्हणावे लागते आणि बाकीच्यांना थांबावे लागते. तिथे ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय लावला, तर ‘अव्हेंजर्स’ या दुसऱ्या संघात गडगडाटाचा देव थॉर याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचे नाव घेण्याचीही गरज नाही. तरीही मे १९६५च्या १६व्या अंकात थॉर आणि आयर्न मॅन रजेवर जातात आणि संघाची धुरा येते कॅप्टन अमेरिकाकडे, ज्याच्यापाशी उडण्याची शक्ती नाही, वीज नाही, आहे ती एक ढाल. त्याच्या हाताखाली येतात हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच, म्हणजे कालपर्यंत शत्रूच्या गोटात असलेले तिघे. हॉकआय तर उठताबसता त्याच्या जुनाटपणावर टोमणे मारतो. पुढे १९८४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अव्हेंजर्सची दुसरी शाखा निघाली, तेव्हा तिचा प्रमुख नेमला गेला तो हाच हॉकआय. दुसऱ्याला टोमणे मारणे किती सोपे होते, हे त्याला तिथे समजले असावे.

निवडणुकीचा मार्गही या कथांनी चोखाळून पाहिला आहे. डीसी प्रकाशनाच्या ‘लीजन ऑफ सुपर-हिरोज’ या तिसाव्या-एकतिसाव्या शतकातल्या तरुण संघाचा नेता ठरवण्यासाठी पुढे पुढे खुद्द वाचक टपालाने मते पाठवू लागले. पण त्याआधी, १९६३च्या एका कथेत, सॅटर्न गर्ल दुसऱ्यांच्या मनावर ताबा मिळवण्याच्या आपल्या शक्तीने सहकाऱ्यांची मते फिरवून निवडून येते. संघातला एक जण मरणार हे तिला कळलेले असते आणि ते मरण आपल्या वाट्याला यावे, म्हणून तिला सर्वांना मोहिमेपासून रोखण्याचा अधिकार हवा असतो. हेतू उदात्त असला, तरी मतदान खोटे ते खोटेच. आणि शेवटी मरतो तो लायटनिंग लॅड.

याच लीजनच्या कथा १९६६ पासून लिहू लागलेले जिम शूटर तेव्हा शाळकरी वयाचे होते. पुढे ते अव्हेंजर्सच्या कथा छापणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनाचे मुख्य संपादक झाले आणि १९८२ मध्ये त्यांनीच लिहिलेल्या अव्हेंजर्सच्या २१७व्या अंकात अध्यक्षपद वास्पकडे गेले.

वास्प म्हणजे गांधीलमाशी. जॅनेट व्हॅन डाइन ही श्रीमंत घरातली, कपड्यांची हौस असलेली तरुणी माशीएवढी लहान होऊन उडते आणि डंख मारल्यासारखा वार करते, एवढीच तिची शक्ती. १९६३ मध्ये संघ स्थापन करणाऱ्या पाच जणांत ती होती आणि संघाला ‘अव्हेंजर्स’ हे नाव सुचवणारीही तीच. तरीही सुरुवातीच्या कथांमध्ये थॉरच्या देखणेपणावर भाळण्याखेरीज तिला फारसे काम दिलेले नाही. ती अध्यक्ष झाल्यावरही वेषांची हौस सुटली नाही. नवा पोशाख अंगावर चढवतच ती बैठकीला बसते. मला हे आवडते. अधिकार मिळाला म्हणून तिने कोणा पुरुषाचा आवाज उसना घेतला नाही.

तिची कसोटी लागली ती १९८६-८७ मध्ये, रॉजर स्टर्न यांनी लिहिलेल्या आणि जॉन ब्युसेमा यांनी चितारलेल्या वेढ्याच्या कथेत. बॅरन झीमो दुष्टांची मोठी फौज घेऊन अव्हेंजर्सचा वाडा बळकावतो. बाईने दिलेले आदेश संघातल्या बलदंड हर्क्युलिसला आधीपासूनच खुपत असतात. मद्याच्या धुंदीत तो वास्पचे न ऐकता थेट आत घुसतो आणि तिथे सगळ्यांनी मिळून केलेल्या मारहाणीत त्याची शुद्ध जाते. वास्पजवळ आता उरते काय? एक बेशुद्ध सहकारी, आणि तो जिथे आहे त्या रुग्णालयावर चालून आलेले झीमोच्या फौजेतले अ‍ॅब्सॉर्बिंग मॅन आणि टायटेनिया. तिच्यासारखाच लहान होणारा अँट-मॅन सोबतीला घेऊन ती त्या दोन धिप्पाड देहांना हरवते. मग थॉर येतो, कॅप्टन मार्व्हल आणि डॉक्टर ड्रुइड येतात, आणि तेव्हा कुठे वाड्यावर चाल केली जाते. आधी माणसे जमवायची, मग आत जायचे, हा तिचा साधा हिशेब असतो. हर्क्युलिसला तो पटला असता, तर तो शुद्धीवर राहिला असता.

वाडा परत मिळतो, पण आत काही शाबूत नाही. बटलर जार्व्हिसला बंदिवान कॅप्टन अमेरिकाच्या डोळ्यांदेखत मारहाण झालेली आहे आणि कॅप्टनच्या वस्तूंमध्ये त्याच्या आईचे जे एकमेव छायाचित्र होते, ते फाडून टाकलेले आहे. ब्युसेमा यांनी त्या पानावर लढाई काढलेली नाही. ढिगाऱ्यात उभा असलेला एक माणूस आहे आणि त्याच्या हातात फोटोचे तुकडे.

यानंतर लवकरच वास्प पदावरून दूर होते, आणि मे १९८७च्या २७९व्या अंकात अध्यक्षपदासाठी नाव पुढे येते कॅप्टन मार्व्हलचे, अर्थात मोनिका रॅम्बोचे. न्यू ऑर्लीन्सच्या बंदरावरील गस्ती दलात लेफ्टनंट असलेली ही स्त्री ऊर्जेच्या कोणत्याही रूपात पालटू शकते आणि प्रकाशाच्या वेगाने जाऊ शकते. थॉर सोडला, तर संघात तिच्या तोडीचे क्वचितच कोणी असेल. आपल्याला हे पेलेल का, असा प्रश्न तिला पडतो, आणि होकार देण्याआधी ती विचाराला वेळ घेते.